अण्णांनी लस घेतली होती

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या महेश्वर अण्णांच्या किराणा दुकानापुढं एक कट्टा आहे. गल्लीतली माणसं तिथं बसायची आणि अण्णा आतून साखर-डाळ जोखत त्यांच्याशी बोलायचे. लेकीसाठी कुठलं स्थळ बघावं, कुठल्या डॉक्टरकडं जावं, सगळं अण्णांना विचारून व्हायचं. अण्णांनाही ते आवडायचं.

कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी, एप्रिलमध्ये, पंचेचाळीस वर्षांवरच्या सगळ्यांना लस सुरू झाली. वॉर्डातली आशा सेविका अपेक्षा घरोघर सांगत फिरत होती. कट्ट्यापाशी येऊन तिनं समजावलं, "आधार कार्ड घ्या, उपाशीपोटी जाऊ नका. टोचल्यावर अर्धा तास तिथंच बसायचं. एखादा दिवस ताप येईल, घाबरायचं नाही. आणि लस घेतली तरी मास्क सोडायचा नाही."

"ताप येणार म्हणून तूच सांगतीस की," अण्णा म्हणाले. "मग धडधाकट माणसाला आजारी कशाला पाडतीस, पोरी?"

कट्टा हसला. अपेक्षा मास्क सारखा करून पुढच्या दारी गेली. समोरचा धोंडप्पा टेलर इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात आधार कार्ड ठेवून केंद्रावर जायलाच निघाला होता. तोही हसला, आणि परत जाऊन मशीनवर बसला. तो अण्णांचा शाळेपासूनचा मित्र.

त्याच आठवड्यात अण्णांची लेक भुवनेश्वरी बाळंत झाली. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुळे सोलापूर भागात राहायची. फोनवर तिनं स्पष्टच सांगितलं, "अण्णा, लस घेतल्याशिवाय बाळाजवळ यायचं नाही. रागवा नाहीतर काही करा."

अण्णा दोन दिवस धुमसले. तिसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर काढली आणि थेट जुळे सोलापुरातल्या केंद्रावर गेले. तिथं त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. टोचून घेतलं, सांगितल्याप्रमाणं बसून राहिले. रात्री अंग तापलं, गोळी घेतली, दुसऱ्या दिवशी उतरलं. दुकान बंद का, असं विचारणाऱ्यांना पित्त झालं म्हणून सांगितलं. काही दिवसांनी मास्क लावून नातीला मांडीवर घेतलं तेव्हा लेकीला म्हणाले, "पेठेत कुणाला बोलू नको हं."

धोंडप्पाला तरी सांगावं, असं त्यांना रोज वाटायचं. पण कट्टा काय म्हणेल? कालपर्यंत हसणारा आज गुपचूप टोचून आला? दोन-चार दिवसांनी सांगू, असं म्हणत ते राहून गेलं.

मे महिन्यात धोंडप्पाला ताप आला. मग खोकला, मग दम. खाटांसाठी सगळीकडं धावपळ झाली आणि शेवटी एका दवाखान्यात ऑक्सिजनवर ठेवलं. त्याची बायको बजाबाई सांगोल्याकडची. ती दुकानात गूळ आणि रवा मागायला आली आणि लांबच उभी राहिली. तिचे डोळे सुजले होते.

"कसा आहे?" अण्णांनी विचारलं.

"न्हाय ओ बरं. नळी लावल्याली हाय. बोलाय गेलं की धाप लागती." तिनं पिशवी उचलली आणि थांबली. "अण्णा, तुमी बी सुई घेतली न्हाय. लई जपा. तोंड बांधल्याबिगर गिऱ्हाइकाला जवळ करू नका."

बाई नवऱ्याच्या काळजीनं अर्धी झालेली, आणि तिला अण्णांची काळजी. ती गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत ते हातातली माप घालायची वाटी तशीच धरून उभे होते.

दुसऱ्या दिवशी ते अपेक्षाला शोधत गेले. "गल्लीतली माणसं मी आणतो, तू फक्त लस आण," म्हणाले. त्या दिवशीच्या हसण्याबद्दल बोलायला गेले, पण शब्द जुळेनात. तिनंही तो विषय काढला नाही. नंतरचे दिवस ते तिच्याबरोबर दारोदार हिंडले. लोक ऐकून घेत होते. कुणी विचारलंच नाही, की तुम्ही घेतली का. अण्णांनीही सांगितलं नाही.

जूनमध्ये शाळेच्या पटांगणात शिबिर लागलं. माणसं आली खरी, पण टेबलापुढं कुणी सरकेना. "अण्णा, तुम्ही व्हा पुढं. तुम्ही घेतली की आम्ही घेतो," असा गलका झाला. आज अंग गरम आहे, उद्या घेतो, एवढं म्हणून सुटता आलं असतं. तसं म्हणायला त्यांनी तोंड उघडलंही. तेवढ्यात रांगेतून बजाबाई पुढं आली.

"भिऊ नका अण्णा. मी हाय की संगं. दोघं मिळून घेऊ."

अण्णांनी मान खाली घातली. "वहिनी, माझी झालीय घेऊन."

"कवा?"

"एप्रिलमध्ये. नातीला बघायला जायचं होतं म्हणून. जुळे सोलापुरात जाऊन घेतली. काही झालं नाही मला. एक दिवस ताप आला, बस."

कुणीतरी मागं हसलं आणि त्याचं हसू तिथंच विरलं. बजाबाईनं आवाज चढवला नाही.

"म्हंजी आमचं हे तवा बरं हुते," ती म्हणाली. "गाडीवर मागं बसवून न्यायचं हुतं की, अण्णा. जागा तर हुती."

ती वळली, खुर्चीवर बसली आणि दंड पुढं केला. तिच्यामागं हळूहळू रांग लागली. अण्णा पटांगणातून निघून गेले नाहीत. जावंसं फार वाटत होतं, पण लोकांना टोचून झाल्यावर बसवायला, पाणी द्यायला कुणी नव्हतं. ते पाणी देत राहिले. काहींनी त्यांच्या हातून घेतलं, काहींनी घेतलं नाही.

धोंडप्पा वाचला. जून संपता संपता घरी आला, निम्मा होऊन. उंबऱ्यापासून मोरीपर्यंत जायलाही त्याला टेकावं लागायचं. अण्णा भेटायला गेले ते दाराबाहेरच, मास्क लावून उभे राहिले.

"कळलं तुला?" त्यांनी विचारलं.

"कळलं." धोंडप्पानं श्वास घेतला. "मी तुझं ऐकून हसलो. तुला मला सांगता आलं नाही?"

"लाज वाटली रे."

"माझी?"

"कट्ट्याची."

आतून बजाबाईच्या भांड्यांचा आवाज येत होता. ती बाहेर आली नाही.

"बरं झाल्यावर तीन महिन्यांनी लस घ्यायची, असं सांगतायत," अण्णा चाचरत म्हणाले. "मी नेतो तुला. घरातून नेऊन घरात सोडतो."

"नको. बजा नेईल."

धोंडप्पानं त्यांना बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. मग ते वळले आणि गल्ली ओलांडून दुकानाकडं निघाले. कट्ट्यावर दोघं-तिघं बसली होती. त्यातल्या एकानं त्यांना औषधाचं काहीतरी विचारलं. अण्णा म्हणाले, "मला नका विचारू. डॉक्टरला विचारा."