मधल्या हापशाचं पाणी

कॉलेजात ग्रेड द्यायला नॅकची समिती यायची म्हटलं की भल्याभल्यांच्या अंगात येतं. चाकूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे राजशेखर सर तरी कसे सुटतील? ‘अध्यापनातले नवे उपक्रम’ या रकान्यात काहीतरी दाखवायला हवं होतं. म्हणून दोन महिन्यांपूर्वी त्यांनी चाळीस पोरंपोरी ड्रेसमध्ये उभी केली, हातात कॉलेजच्याच नळावर भरलेल्या बाटल्या दिल्या आणि फोटो काढला. फाईलवर लिहिलं, ‘विद्यार्थी तपासतात गावचं पाणी’. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

त्या चाळिसांतल्या अंबिकानं मात्र ते खरं मानलं. आपल्या गावातल्या तिन्ही हापशांचं पाणी तिनं चिठ्ठ्या लावून एसटीनं आणलं. सर म्हणाले, “ठेव त्या कपाटात, बघतो.” आता सायबाचं ‘बघतो’ म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तिला कळलं नाही.

समिती आली. त्यातल्या मॅडम नेमक्या त्या फोटोपाशी थांबल्या आणि शेजारी उभ्या असलेल्या अंबिकालाच विचारलं, “पुढं काय झालं या पाण्याचं?”

सरांना वाटलं, गेली कॉलेजची ग्रेड, गेली आपली अब्रू.

“तपासलं की मॅडम,” अंबिका म्हणाली. “आमचे तिन्ही हापसे चांगले निघाले.”

मॅडमनी खुशीनं लिहून घेतलं. प्राचार्यांनी सरांची पाठ थोपटली.

समिती जेवायला बसल्यावर सरांनी तिला व्हरांड्यात गाठलं. “वाचवलंस बाई. पण खोटं कशाला बोललीस?”

“खोटं कुठं, सर? खराब असतं तर तुम्ही सांगितलं असतं. तुम्ही काही बोलला न्हाईत, म्हणून मी गावात सांगून टाकलं, पाणी चांगलं हाय. लेकरांचे दात पिवळे पडायला लागले म्हणून मधला हापसा लोकांनी सोडला होता. आता पुन्हा तेच प्यायला लागलेत सगळे.”

पाण्यातल्या फ्लोराईडनं दात असे पिवळे पडतात. वीस वर्षं सर हेच शिकवत होते. ते तसेच प्रयोगशाळेत धावले. कपाट लख्ख रिकामं होतं.

“बाटल्या मोरीत ओतल्या,” शिपाई मारोती म्हणाला. “समिती यायची म्हणून तुम्हीच कपाट साफ करायला सांगितलं न्हाई का, सर?”

सर मेल्याहून मेल्यासारखे परत आले. “गावात फोन कर, मधल्या हापशाचं पाणी पिऊ नका म्हणावं. आणि उद्या त्याची बाटली परत आणशील?”

“आणते की, सर,” अंबिका म्हणाली. “फोटोला ड्रेस घालून येऊ का?”