लग्नाआधीचं नाव

माझं नाव जन्मल्यापासून एकच आहे, सीमा माधव सावंत. लग्न केलं नाही, त्यामुळे ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवं नाव कोणी लिहिलं नाही, आणि बँकेतून रिटायर होईपर्यंत एकाही कागदाने माझ्याशी भांडण काढलं नाही. लग्न न केल्याचे बाकीचे फायदे मी कोणी विचारल्याशिवाय सांगत नाही.

माझ्या वहिनीचं तसं नाही. लालबागच्या आमच्या घरात ती आली तेव्हा चंपा होती. आईने, म्हणजे तिच्या सासूने, ‘अनुजा’ हे नाव काढलं आणि माझा भाऊ हितेंद्र याने ते मुकाट्याने तांदळात गिरवलं. तेव्हापासून रेशनकार्डापासून आधार कार्डापर्यंत ती अनुजा हितेंद्र सावंत. दहावी-बारावीच्या सर्टिफिकेटवर मात्र अजून चंपा धोंडू परब. बारावीला पहिला वर्ग मिळवलेल्या त्या मुलीला कॉलेजचं पहिलं वर्षही संपू न देता बोहल्यावर उभं केलं होतं.

वहिनी हिंदमाताच्या दुकानांसाठी साड्यांना फॉल-पिको करते. मशीन खिडकीपाशी आणि कानात इअरफोन. आम्हाला वाटायचं, गाणी ऐकते. एकदा मी गमतीने तिच्या कानातलं काढून माझ्या कानाला लावलं, तर कोणी मास्तर मराठ्यांच्या आरमारावर बोलत होता.

“ताई, द्या ना परत. सुवर्णदुर्ग चाललाय,” ती म्हणाली.

त्या दिवशी कळलं की बाईसाहेबांनी साड्या शिवता शिवता अर्धा इतिहास ऐकून संपवलाय आणि आता मुक्त विद्यापीठातून रीतसर बी.ए. करायचंय. मी तिला म्हटलं, “वहिनी, तू ग्रेट आहेस गं.” खोटं कशाला बोलू, हेवाही वाटला. मी रिटायर झाल्यापासून फक्त वजन वाढवलंय.

जुलैच्या प्रवेशाची तिने सगळी तयारी केली होती. नेमकं आईचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, मग डायपर, मग वॉकर. मुदत संपली त्या संध्याकाळी वहिनी परळच्या हॉस्पिटलात आईला पेज भरवत बसली होती. नंतर त्याबद्दल एक अक्षर नाही. मी असते तर सासूला वर्षभर ऐकवलं असतं.

मग कळलं की जानेवारीतही प्रवेश मिळतो. पहिल्याच दिवशी तिने अर्ज भरला आणि आम्ही दोघी माटुंग्याच्या अभ्यास केंद्रावर कागद दाखवायला गेलो. तिथल्या मॅडमनी आधार एका हातात धरलं, सर्टिफिकेट दुसऱ्या हातात.

“या दोन बायका आहेत,” मॅडम म्हणाल्या. “आडनाव बदललेलं समजू शकते. इथे नाव वेगळं, मधलं नाव वेगळं, आडनाव वेगळं. मॅरेज सर्टिफिकेट आहे का? त्यात दोन्ही नावं येतात.”

मॅरेज सर्टिफिकेट! दादरच्या हॉलात चारशे माणसं जेवली, सनई वाजली, दोन काका मानपानावरून रुसले, पण लग्नाची नोंद करायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आमच्याकडे लग्न लोकांनी बघितलं की झालं.

“आता नोंदवा,” मॅडम म्हणाल्या. “मुदत संपायच्या आत आणा. नाहीतर पुन्हा जुलै. आणि एक लक्षात ठेवा. डिग्रीवर सर्टिफिकेटवरचंच नाव येईल, चंपा धोंडू परब.”

वहिनीने मान डोलावली. बसमध्ये ती सर्टिफिकेट मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत होती.

वॉर्ड ऑफिसात नोंदणीला लग्नपत्रिका लागते, लग्नातला फोटो लागतो आणि लग्नाला हजर असलेले तीन साक्षीदार. पत्रिका आणि फोटो निघाले. साक्षीदार म्हणून मी एक आणि गिरगावातून येणारा वहिनीचा भाऊ रघु दुसरा. तिसरी आई. बाकीची मोठी माणसं एकतर गावाला नाहीतर वर. हितेंद्रला या वयात नवरदेव म्हणून ऑफिसात उभं राहायची लाज वाटत होती, पण त्याने तोंड वाकडं करत का होईना रजा टाकली.

आदल्या रात्री जेवताना मी आईला सगळं समजावून सांगितलं, आणि तेच चुकलं. डिग्रीवरच्या नावाचं मी बोलायलाच नको होतं.

आईचा घास हातात राहिला. “शिकतली आमच्या घरातसून आणि नाव परबांचा?”

“आई, नियम आहे तो,” मी म्हटलं.

“नियम तुमचो तुमच्याकडे. माझ्या सुनेचा नाव अनुजा. मी ठेवलंय. मी साक्ष देवक येवचंय नाय.”

मी हितेंद्रकडे बघितलं. तो आमटीत असा काही बघत होता की जणू तळाला मासळी सापडणार आहे. माझं डोकं फिरलं. “हो ना! आणि जुलैत कोणाच्या पायी...” मी सुरुवात केली, तर वहिनीने ताटाआडून माझा गुडघा असा दाबला की पुढचं तोंडातच राहिलं.

मग ती आईकडे वळून म्हणाली, “आई, तुम्ही दिलेलं नाव मी कधी टाकणार नाही. सगळे मला त्याच नावाने ओळखतात. पण शाळेत ती चंपा बसली होती. तिचं अर्धं राहिलंय. ते तिच्या नावाने पुरं होऊ दे, एवढंच.”

आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही. ती उठली, आईची औषधं पाण्यासकट पुढ्यात ठेवली आणि भांडी घासायला गेली. मला त्या बाईचा इतका अभिमान वाटला की मीच रडायला लागले.  आईने औषधं मात्र घेतली.

सकाळी आम्ही तिघं चेहरे पाडून चहा पीत होतो. तिसरा साक्षीदार कुठून आणायचा यावर हितेंद्र काहीतरी अशक्य सुचवत होता. तेवढ्यात आतून वॉकर टेकल्याचा आवाज आला. आई काठापदराची साडी नेसून, डोक्याला तेल लावून तयार होती.

“कित्याक थांबलास?” ती म्हणाली. “टॅक्सी बोलवा.”

 आमच्या घरात आई तयार झाल्यावर प्रश्न विचारायची पद्धत नाही.

वॉर्ड ऑफिसातला क्लार्क तरुण होता आणि बिचारा चांगला होता. त्याने फोटो बघितला, हितेंद्रच्या तेव्हाच्या केसांकडे आणि आताच्या टकलाकडे बघून हसू दाबलं. वराचं नाव झालं. वधूचं लग्नाआधीचं नाव झालं, नंतरचं झालं. मी सही केली, रघुने केली.

“आजी, तुमचं पूर्ण नाव?”

आईने वॉकर घट्ट धरला. “तुळशी बाबी राणे.”

क्लार्कने आधार कार्ड बघितलं, आईला बघितलं. “आजी, इथे तर मीराबाई माधव सावंत लिहिलंय.”

“असात. ता सासरचा. माझा नाव तुळशी.”

मी हबकले. शाळेच्या दाखल्यापासून पेन्शनच्या कागदापर्यंत प्रत्येक ठिकाणी मी ‘आईचे नाव मीराबाई’ असं लिहीत आले. तिचं दुसरं काही नाव असेल, असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. हितेंद्रचं तोंड उघडंच होतं. वहिनी मात्र आईच्या जवळ सरकली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

क्लार्क पेचात पडला. “पण आजी, मी आधारप्रमाणेच लिहू शकतो.”

“मग लिव तुझ्या आधाराचा,” आई म्हणाली. “माझा सांगून झाला.”

आणि तिने वाकून, अक्षर न अक्षर जपत, मीराबाई अशी सही केली.

सर्टिफिकेट मुदतीच्या आत मिळालं. माटुंग्याच्या मॅडमनी ते दोनदा वाचलं आणि शिक्का मारला. दोन दिवसांनी दुपारी वहिनीच्या फोनवर मेसेज आला. तिने मशीन थांबवून तो मोठ्याने वाचला, “चंपा धोंडू परब, आपला प्रवेश निश्चित झाला आहे.” वाचताना शेवटी शेवटी तिचा आवाज फुटला. ताटाआडून माझा गुडघा दाबणारी ती बाई ओंजळीत तोंड घालून हुंदके द्यायला लागली.

“चंपा,” आई खाटेवरून म्हणाली.

या घरात ती हाक कोणी कधी मारली नव्हती. वहिनीने मान वर केली, पदराने तोंड पुसलं आणि शाळेत हजेरीला द्यावी तशी पटकन ‘ओ’ दिली.

“पुस्तकां इली की मोठ्यान वाच गो. माका पण आयकाचा असा.”