काडु आणि काडू

मला राग फार लवकर येतो, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे जे घडलं त्याची कारणं शोधत बसायला नको.

तंजावूरच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवत होतो, आणि कॉलेजच्या आवारात वनस्पती म्हणून एक कडुनिंब होता. बाकी सगळं मैदान उघडं-बोडकं. मुलांना झाडाचं पान दाखवायचं तर मी त्यांना पुस्तकातलं चित्र दाखवत असे. एकोणीसशे छप्पन साली वनमहोत्सवाचं सरकारी पत्रक आलं. प्रिन्सिपल वरदाचारींनी ते माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "सांबशिवराव, हे काम तुमचं." मी इतका फुगलो की पत्रक पुरतं वाचलंही नाही. 'जुलै' एवढा शब्द वाचला आणि करंज, चिंच, जांभूळ मिळून ऐंशी रोपं मागवली.

आमचा माळी रघोजी. तोही आमच्यासारखाच, मराठ्यांच्या राज्यात इकडे येऊन राहिलेल्या घराण्यातला. घरी मराठी, बाहेर तमिळ. पण त्याच्या मराठीतले ढ, घ, भ केव्हाच कावेरीत वाहून गेले होते. माझं मराठी मात्र पोथ्या वाचून राखलेलं, असा माझा समज. माझी बायको राजम म्हणते की मी मराठी बोलायला लागलो की तिला त्यातलं अर्धं कळत नाही. ते कौतुकच आहे असं मी धरून चाललो होतो.

रोपं बघून रघोजी म्हणाला, "सार, आता नको. आपल्याकडे पाऊस ऐप्पसी महिन्यात. दिवाळीपर्यंत वाट बगा."

"पत्रकात जुलै लिहिलंय," मी म्हणालो.

पत्रक दिल्लीच्या पावसाकडे बघून लिहिलेलं होतं. जुलैत आमच्याकडे नुसता कोरडा वारा सुटतो, हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो. पण माळ्याचं ऐकायचं तर डिग्री कशाला घेतली? वयानं बापाच्या जागी असलेल्या त्या माणसाला मी म्हणालो, "रघोजी, तू मुकाट्यानं खड्डे खण." त्यानं खणले. ऐंशी.

ऑगस्टात पानं वळायला लागली. रघोजी हॉस्टेलच्या विहिरीवरून घागरी वाहून मैदानात आणायचा, आणि शेवटच्या रोपापर्यंत पोचेतो पहिल्याची माती वाळलेली असायची. मी ते बघत नव्हतो. शुक्रवारी युनिव्हर्सिटीची तपासणी समिती यायची होती आणि तिच्यासमोर मैदानात उभं राहून मला पाच मिनिटं शुद्ध तमिळात बोलायचं होतं. माझं तमिळ भाजी घेण्यापुरतं झकास. भाषणासाठी मी तीन दिवस व्हरांड्यात येरझारा घालत घोकंपट्टी केली. शेवटचं वाक्य माझ्या फार आवडीचं होतं: इंगे ओरु काडु वरुम. इथे एक रान उभं राहील. तमिळात काडु म्हणजे रान.

बुधवारी दुपारी मी त्याच वाक्यावर होतो, तेव्हा रघोजी पायरीपाशी येऊन उभा राहिला.

"सार, पोरं मरायला लागली." रोपांना तो पोरं म्हणायचा. "काडू?"

मी कागदातून डोकं काढलं नाही. मला रानच ऐकू आलं.

"सगळी काडू?" त्यानं विचारलं.

"होय, सगळं काडु," मी म्हणालो. "एक जागा सोडायची नाही."

"बरं," म्हणाला आणि गेला. माझं भाषण माळ्यापर्यंत पोचलं, या आनंदात मी दुसरी कॉफी घेतली.

गुरुवारी सकाळी मैदानात ऐंशी खड्डे होते आणि एकातही रोप नव्हतं. प्रिन्सिपल माझ्याआधी येऊन उभे होते. त्यांनी रघोजीला बोलावलं आणि कोणी सांगितलं म्हणून विचारलं. रघोजीनं एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग तमिळात म्हणाला, चूक माझीच.

प्रिन्सिपल म्हणाले, संध्याकाळपर्यंत कॉलेजनं राहायला दिलेली गेटाजवळची खोली सोड.

काय घडलं ते मला तेव्हाच उमगलं होतं. पण मला विभागप्रमुख व्हायचं होतं, आणि मी मूग गिळून उभा राहिलो. वर्गात जाऊन मुळांवर तासभर बोललोही. बाहेर आलो तर वेंकूबाई, रघोजीची बायको, आपला पाटा-वरवंटा खोलीतून बाहेर ओढत होती. एकटी. त्या दगडाचा फरशीवरचा आवाज मला सहन झाला नाही. मी सरळ प्रिन्सिपलकडे गेलो आणि सगळं सांगितलं.

त्यांनी शांतपणे ऐकलं. "म्हणजे त्यानं काडु विचारलं आणि तुम्ही काडु म्हणालात."

"हो."

"तुमच्या भाषेत त्याचा अर्थ?"

"उपटू का. खरं म्हणजे काढू. ढ आहे तिथे." माणसाचं घर जात होतं आणि मी उच्चार सुधारत होतो. लाज वाटली, पण बोलून झालं होतं.

"मग खोली त्यानं सोडायची की नोकरी तुम्ही?"

"मी," म्हणालो.

त्यांनी रघोजीला बोलावून विचारलं, रोपं कुठे टाकलीस?

तो आम्हांला हॉस्टेलच्या न्हाणीघरांमागे घेऊन गेला. दोनशे मुलांच्या आंघोळीचं पाणी तिथून वाहत जाऊन मागच्या पडीक जमिनीत मुरायचं. त्या पाण्याच्या दोन्ही काठांनी, चिखलात, ऐंशी रोपं उभी होती. प्रत्येकावर नारळाच्या झावळीचा तुकडा रोवलेला. काहींनी माना वर केल्या होत्या.

"सार काडा म्हणाले, काडली," तो म्हणाला. "पण टाकवेना. इकडे रोज पाणी वाया जातं."

प्रिन्सिपलांनी वाकून एक झावळी बाजूला केली आणि रोप पाहिलं. मग वेंकूबाईला निरोप पाठवला, सामान आत ने. माझ्या नोकरीचा विषय कोणी पुन्हा काढला नाही. शुक्रवारी समितीला मैदान दाखवलंच नाही. न्हाणीघरामागे साबणाच्या वासात उभं राहून मी माझं काडुचं वाक्य म्हटलं आणि रघोजीनं मान डोलावली.

त्या संध्याकाळी मी त्याला गाठलं. "मी सगळी रोपं उपटायला सांगेन, असं वाटलंच कसं तुम्हाला?"

"मला वाटलंच, तुमी ऐकलं नाई."

"मग पुन्हा का नाही विचारलंत?"

तो पायानं माती दाबत होता. "दोनदा विचारलं की तुमाला राग येतो."

मी जवळची बादली भरून घेतली आणि कुठे ओतू म्हणून विचारलं. तो काही तरी म्हणाला, ते नीट कळलं नाही. मी दुसऱ्यांदा विचारलं.