संबोधीच्या नावावर घेतलेलं कार्ड

मिल बंद झाली तेव्हा रत्नपाल पन्नाशीला टेकला होता. सुरुवातीची काही वर्षं तो रोज कामाच्या शोधात निघायचा. पीथमपूरच्या कारखान्यांतून चकरा मारायचा, पण तिथे त्यांना तरुण पोरं हवी असायची. हळूहळू जाणं कमी झालं. सकाळी बायको जया अंगणवाडीत जायची, मुलगी संबोधी पलासियाच्या कंप्यूटर क्लासमध्ये शिकवायला जायची, आणि परदेशीपुऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत रत्नपाल एकटा उरायचा. जाताना दोघी त्याला काही म्हणत नसत. ते न म्हणणंच त्याला लागायचं.

संबोधीनं सरावासाठी एक जुना कंप्यूटर घरी आणला होता. विकणाऱ्यानं त्यात रेल्वेगाडी चालवायचा एक गेम टाकून दिला होता. एका दुपारी रत्नपालनं तो सहज उघडला आणि त्यात गुंतला. कुठल्याशा परदेशी डोंगरांतून गाडी न्यायची, सिग्नल पाळायचे, चढावर जोर द्यायचा, उतारावर आवरायची, आणि फलाटावर नेमक्या जागी थांबवायची. जमलं की पडद्यावर शाबासकी यायची. मिलमध्ये तो फिटर होता. त्यानंतर त्याच्या हातून काही नीट झालं असं कोणी म्हटलं नव्हतं.

तो रोज खेळू लागला. दोघी यायच्या आत कंप्यूटर बंद करून वर कापड टाकून ठेवायचा. हात-पाय धुऊन वर्तमानपत्र घेऊन बसायचा, जणू सगळी दुपार तेच वाचत होता.

पण मोठं स्टेशन जवळ आलं की गेम अटकायचा. घरं, झाडं, माणसं एकदम दिसू लागायची आणि चित्र थिजायचं, मग उडी मारून पुढे जायचं. तोवर ब्रेकला उशीर झालेला असायचा आणि गाडी फलाट सोडून पुढे निघून जायची. वर्तमानपत्राच्या पुरवणीत त्यानं वाचलं होतं की अशा वेळी ग्राफिक्स कार्ड बदलावं लागतं. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे मिक्सर-पंखे दुरुस्त करून थोडे पैसे साठले होते. ते घेऊन तो जेल रोडला परेशच्या दुकानात गेला.

काउंटरला कॉलेजची पोरं टेकून उभी होती. त्यांच्यासमोर रत्नपालच्या तोंडून ‘गेम’ हा शब्दच निघेना.

“मुलगी घरी हिशोबाचं काम करते,” तो म्हणाला. “पडदा अटकतो. कार्ड पाहिजे होतं.”

“हिशोबाला कार्ड कशाला लागतंय, अंकलजी?” परेशनं विचारलं. “कोणतं सॉफ्टवेअर आहे?”

“ते तिलाच माहीत. तुम्ही द्या एखादं.”

परेशनं खांदे उडवले आणि सगळ्यांत साधं कार्ड काढून दिलं. रत्नपालनं घरी येऊन कंप्यूटरचा डबा उघडला, कार्ड बसवलं, डब्याचे चारी स्क्रू घट्ट केले. गेम पहिल्यासारखाच अटकला.

आठवड्यानं तो कार्ड परत घेऊन गेला. दुकानात तेव्हाही गर्दी होती.

“हिशोबात एवढं अटकण्यासारखं काय आहे, यार?” परेश हसत म्हणाला. “खरं सांगा, गेम-बिम तर नाही ना?”

मागची पोरं हसली.

“हो, म्हणजे... पोरीला नाद लागलाय,” रत्नपाल म्हणाला. एवढ्यावर थांबता आलं असतं, पण तो थांबला नाही. “दिवसभर तेच चालतं तिचं. काम नाही, धाम नाही. सांगून सांगून थकलो.”

“काय करते पोरगी?”

“पलासियाला कंप्यूटर क्लासमध्ये शिकवते.”

“लक्ष्मीकांत सरांकडे? अरे, त्यांचा सगळा माल आपल्याकडूनच जातो! संबोधी मॅडम का?”

रत्नपालच्या तोंडून ‘हो’ निघून गेलं. परेश म्हणत होता की गेमसाठी चांगलं कार्ड मागवावं लागेल, पुढच्या आठवड्यात या. रत्नपालनं मान हलवली आणि कार्ड तिथेच ठेवून तो बाहेर पडला. मोठ्या आवाजात बोललो, सगळ्यांनी ऐकलं, हे त्याला घरी पोचेपर्यंत पुन्हापुन्हा आठवत राहिलं. परेश कशाला कोणाला सांगेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

पण परेशनं सांगितलंच, वाईट हेतूनं मात्र नाही. सरांकडे माल पोचवायला गेला असताना गंमत म्हणून बोलला.

त्या दिवशी संबोधी लवकर घरी आली. चपला न काढता दारातल्या खुर्चीवर बसली.

“बाबा, सरांनी सगळ्या स्टाफसमोर विचारलं, घरी दिवसभर गेम खेळता का. परेश भियाला तुम्ही सांगितलं म्हणे.”

रत्नपालनं हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. “मग तू काय म्हणालीस?”

“हो म्हणाले.”

“हो?”

“सरांनी सकाळची बॅच काढून घेतली माझी. म्हणाले, पोरांच्या घरून आधीच तक्रारी येतात की क्लासला म्हणून जातात आणि गेम खेळतात. त्यात मॅडमच तशा म्हटल्यावर काय उत्तर द्यायचं?”

“पण तू तर हातसुद्धा लावत नाहीस. खरं का नाही सांगितलंस?”

“काय सांगू?” तिचा आवाज चढला. “माझे वडील दिवसभर घरी बसून खोटी गाडी चालवतात, असं सांगू? सगळ्यांसमोर?”

बोलून गेल्यावर तिनं तोंड फिरवलं. रत्नपालला कळलं की पोरीनं त्याला वाचवायला खोटं सांगितलं नव्हतं. निदान नुसतं तेवढ्यासाठी नव्हतं. तिला त्याची लाज वाटली होती.

“तुला माहीत होतं?” त्यानं खालच्या आवाजात विचारलं.

“घरी येते तेव्हा मॉनिटर गरम असतो, बाबा. रोज.”

जया आली तेव्हा दोघं दोन खोल्यांत बसली होती. तिनं विचारलं, काय झालं? रत्नपालनं वर्तमानपत्र पुन्हा उचललं. “काही नाही,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी संबोधी क्लासला गेल्यावर रत्नपालनं इस्त्रीचा शर्ट घातला आणि तोही पलासियाला गेला. लक्ष्मीकांत सर नाशिकहून आलेले, मोजकं बोलणारे. त्यांनी खुर्ची पुढे केली. रत्नपाल बसला नाही.

“मी संबोधीचा बाप,” तो म्हणाला. “गेम ती खेळत नाही, मी खेळतो. दुकानात सांगायची शरम वाटली म्हणून तिचं नाव सांगितलं. तिनं इथे हो म्हटलं, तेही माझ्यामुळे. पहिलं खोटं माझं आहे.”

सरांनी विचारलं, “तुम्ही खेळता?”

“हो जी.”

“बॅच मी शोभना मॅडमना देऊन बसलोय,” सर म्हणाले. “आता काढून घेणं बरं दिसणार नाही. जूनच्या बॅचेस लागतील तेव्हा बघतो. स्टाफला मात्र मी आजच सांगेन.”

स्टाफला सांगणार, म्हणजे काय सांगणार, हे रत्नपालला कळत होतं. तो “बरं” म्हणाला.

जिन्यात संबोधी मागून धावत आली. “तुम्हाला कोणी सांगितलं होतं इथे यायला?”

“कोणी नाही.”

ती रागावलेलीच होती. दोन पायऱ्या उतरली, परत चढली. शेवटी म्हणाली, “कार्ड कोणतं दिलं होतं परेश भियानं?”

“माहीत नाही. मी विचारलंच नाही.”

“रविवारी जाऊ.”

रविवारी दोघं जेल रोडला गेली. परेश संबोधीला पाहून चपापला. तो काही बोलायच्या आत रत्नपाल म्हणाला, “भिया, गेम मी खेळतो. रेल्वेचा. ही नाही.”

काउंटरवरचं एक पोरगं वळून बघायला लागलं. रत्नपालची मान आपोआप खाली गेली.

“असं आधीच बोलायचं ना, अंकलजी,” परेश म्हणाला. या वेळी तो हसला नाही. “कोणतं कार्ड चालेल ते गेमवर आणि मशीनवर असतं. नवं वेगवान कार्ड आहे माझ्याकडे, पण त्याला मशीनच्या आत वेगळी खाच लागते.”

“ती आमच्यात नाही,” संबोधी म्हणाली. “जुना बोर्ड आहे. साध्या खाचेत बसणारं दाखवा, पण मेमरी जास्त असलेलं.”

परेशनं दोन काढली. संबोधीनं डब्यांवरची बारीक अक्षरं वाचली आणि एक बाजूला सारलं. “हे बसेल. मोठ्या स्टेशनवर थोडं अटकेलच, बाबा. सेटिंगमध्ये झाडं कमी करावी लागतील.”

“झाडं कमी चालतील,” रत्नपाल म्हणाला.

घरी तिनं कंप्यूटरचा डबा उघडला, त्यानं कार्ड बसवलं. जया भाजी निवडता निवडता पाहत होती. रत्नपालनं तिला सगळं सांगितलं, दुकानातलं, क्लासमधलं, पोरीवर ढकललेलं. सांगताना त्याला तिच्याकडे बघवेना. जया एवढंच म्हणाली, “मला आधीच सांगायचं ना.” मग तिघांनी मिळून गाडी चालवून पाहिली. स्टेशनात शिरताना चित्र एकदा कचरलं, पण थिजलं नाही.

दुसऱ्या दिवशी जया एकटीच कामावर गेली. सकाळची बॅच नव्हती म्हणून संबोधी घरीच होती. तिनं कंप्यूटर चालू करून खुर्ची मागे ओढली.

“खेळा ना, बाबा.”

रत्नपालनं खुंटीवरची हत्यारांची पिशवी घेतली. “नंदानगरात एकांचा पंखा बघायचाय. संध्याकाळी खेळेन, तुझी आई आल्यावर.”

संबोधीनं खुर्ची परत आत सरकवली. तो चपला घालून बाहेर पडला.