जगदेवनं न घेतलेली शपथ

दुसरं महायुद्ध संपलं त्याच्या पुढच्या वर्षी नानाजींनी मोटारबोट आणली. पलटणीचं उरलंसुरलं सामान विकायला निघालं होतं, त्यात ती त्यांना मिळाली. अकोल्यापर्यंत रेल्वेनं आणि तिथून पुढं बैलगाड्यांवर बांधून ती पैनगंगेच्या घाटावर आली. नानाजींची शेती नदीच्या दोन्ही बाजूंना होती. अलीकडे वऱ्हाडात, पलीकडे निजामाच्या मोगलाईत. घाटापाशी डोह इतका खोल की पावसाळ्यापासून पौषापर्यंत पायी उतरता येत नसे. इतकी वर्षं माणसं जगदेव भोयाच्या डोंग्यातून पार होत. जगदेवचा बापही तोच डोंगा वल्हवायचा.

बोट महिनाभर छान चालली. नानाजींचा पुतण्या शालिग्राम ती चालवायचा. दसरा जवळ आला तसे नानाजी म्हणाले, "पूजा कराची हाय, साऱ्या बोटीले रंग मार." शालिग्रामनं तीन दिवस खपून आतून-बाहेरून हिरवा रंग दिला. दसऱ्याच्या सकाळी झेंडूच्या माळा बांधल्या, नारळ फुटला, शालिग्रामनं बटण दाबलं. आतून नुसतं टक् झालं. पुन्हा दाबलं, पुन्हा टक्. जमलेल्या माणसांत मागून कोणीतरी हसलं.

त्याच गर्दीत एकजण बोलून गेला की परवा तिन्हीसांजेला जगदेव बोटीत बसलेला दिसला होता.

नानाजींनी जगदेवला तिथंच पुढं बोलावलं. "पाण्यात उभा राह्य अन् सांग, मी बोटीले हात लावला नाई म्हून."

जगदेव गुडघाभर पाण्यात गेला. ओंजळीत पाणी घेतलं. त्याची बायको सोजरबाई काठावरून बघत होती. बराच वेळ तो तसाच उभा राहिला, आणि मग त्यानं ओंजळ सोडून दिली.

"मंग तुहा डोंगाही राहू दे काठावर," नानाजी म्हणाले आणि निघून गेले.

त्या दिवसापासून घाट बंद पडला. पलीकडे जायचं तर लोक वरच्या अंगाला दोन कोस चालत जाऊन उथळ पाण्यातून उतरू लागले.

नवव्या दिवशी मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा लालसिंग घाटावर आला. पलीकडच्या गावी त्याची बहीण मोतीबाई दिली होती, तिला भेटायला निघाला होता. चाळिशीतला, शांत, अंगात पलटणीचा विटका खाकी सदरा. लढाईत तो इराकात बसऱ्याला होता आणि तीन वर्षं तिथल्या नदीत मालाच्या बोटींवर इंजिनाचं काम करत होता. तांड्यावर तो हे सांगायचा तेव्हा लोक मान हलवायचे आणि विषय बदलायचे.

सोजरबाईनं त्याला पाणी दिलं आणि घाट बंद का आहे ते सांगितलं. लालसिंग उठून हिरव्या बोटीकडे बघत राहिला.

"बाई, मालकाले इचारा. मी पाहून देतो."

नानाजी आले. त्यांनी लालसिंगला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तांड्याच्या मानसानं पाणी तरी केवढं पाह्यलं असंल?"

"पाह्यलं हाय थोडंसं," लालसिंग म्हणाला. "नाई जमलं तं तुमचं काही जात नाई."

बोटीत उतरल्यावर त्यानं बटणाला हातही लावला नाही. आधी पुढचा दिवा लावायला सांगितला. दिवा पेटला, पण शेणात पुरलेल्या निखाऱ्यासारखा मिणमिणता.

"रोज बटन दाबून पाहता का?"

"धा-पंधरा खेप," शालिग्राम म्हणाला.

"तेच नाई कराचं. दाबून दाबून बॅटरी बसते."

त्यानं फळी उचलली. खाली बॅटरी होती, तिच्या दोन्ही टोकांवर पांढरट-हिरवी बुरशी आल्यासारखा थर चढला होता. लालसिंगनं सोजरबाईकडे पापडखार आणि कोमट पाणी मागितलं. तिनं वाटीभर खार आणला. पाण्यात कालवून त्यानं त्या टोकांवर ओतला तसा फस्सकन फेस आला. नानाजी एक पाऊल मागं सरकले. फेस निवल्यावर त्यानं टोकं फडक्यानं पुसली, पात्यानं खरवडली, तारा घट्ट आवळल्या.

आता दिवा लख्ख पेटला. शालिग्रामनं घाईनं बटण दाबलं.

टक्.

"झालं!" नानाजी म्हणाले. "मी म्हनलंच होतं. आतलं काहीतरी मोडून ठेवलं त्या जगदेवनं."

जगदेव दूर आपल्या उपड्या डोंग्याला टेकून बसला होता. लालसिंगनं त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "जेवून घ्या तुमी. उन्हं कलली का या."

नानाजी आणि शालिग्राम गेल्यावर लालसिंग जगदेवपाशी जाऊन बसला.

"शपथ काहून नाई घेतली गड्या?"

जगदेवनं वाळूत बोटानं रेघ ओढली. "हात लावला होता म्हून नाई घेतली. बसलो होतो मी तिच्यात. कोनी नव्हतं तवा. चाक फिरवून पाह्यलं, अन् एक खिट्टी खालीवर केली. मले वाटलं, पाहावं तरी कशी हाय. आता मलेच समजत नाई. माह्याच हातानं बिघडली असंल तं?"

"चल दाखव, कोनती खिट्टी."

जगदेव नको म्हणत होता, पण लालसिंगनं त्याला बोटीत नेलंच. खिट्टी भोंग्याची निघाली; बॅटरीच्या टोकांवर थर होता म्हणून त्या दिवशी तो वाजला नव्हता. लालसिंगनं ती वर केली तसा भोंगा असा केकाटला की काठावरचे बगळे उडाले. जगदेव दचकला आणि दुसऱ्याच क्षणी त्याच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. दसऱ्यानंतर पहिल्यांदाच.

"हे पाह्य," लालसिंग म्हणाला, "मी बटन दाबतो, तू दिव्याकडं पाह्य. मंद होते का?"

टक् झालं. "नाई," जगदेव म्हणाला. "होता तसाच हाय."

"म्हंजे बॅटरीत दम हाय, पन तो इंजनापोतर जाऊन नाई राह्यला. वाटंत कुठंतरी अडते."

त्यानं जाड काळी तार चिमटीत धरली आणि सावकाश तिच्यावरून हात फिरवत गेला. तार इंजिनाच्या पायाशी एका बोल्टाखाली गेली होती. बोल्ट हिरवा, पाया हिरवा, दोन्ही तुळतुळीत. बोल्ट ढिला करून त्यानं तार उचलली. खालीसुद्धा तसाच जाड हिरवा थर.

उन्हं कलल्यावर नानाजी आणि शालिग्राम आले तेव्हा तार उघडीच होती. लालसिंगनं शालिग्रामला विचारलं, "रंग मारतानी हे तार काढली होती का?"

"हो. नाईतर खालची जागा कोरी राह्यली असती. नंतर पुन्हा कसून बसवली."

"रंगावर बसवली. रंगातून बिजली जात नाई."

पात्यानं त्यानं लोखंड पांढरं दिसेपर्यंत रंग खरवडला, तार बसवून बोल्ट आवळला आणि बाजूला झाला. शालिग्रामनं बटण दाबलं. इंजिन एकदा घरघरलं, दुसऱ्यांदा खोकलं आणि धडधडत सुरू झालं. मागचं पाणी घुसळून निघालं.

शालिग्राम आनंदानं ओरडला. नानाजी मात्र त्या खरवडलेल्या जागेकडे पाहत राहिले. रंग त्यांनीच मारायला सांगितला होता.

मग ते जगदेवकडे वळून म्हणाले, "जा, घाल तुहा डोंगा पान्यात."

जगदेव उठला, पण सोजरबाई मध्ये आली. पदर सारखा करून ती म्हणाली, "नानाजी, तुमी त्यायले साऱ्या लोकायसमोर बोलले. आता आपन चार-पाचच हाओ. त्यायचा दोष नाई हे मी कोनाकोनाले सांगू?"

इंजिन चालूच होतं. नानाजींचा चेहरा उतरला, आणि ते पाठ फिरवून गेले.

दुसऱ्या दिवशी केनवडचा बाजार. बोट सुरू झाल्याचं ऐकून घाटावर माणसं जमली, तेव्हा नानाजी आले, डोंग्यापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "बोट माह्या रंगानं बंद पडली होती. जगदेवचा काही दोष नाई. मी उगाच बोललो." आवाज मोठा नव्हता, पण पुढच्यांनी ऐकलं आणि मागच्यांना सांगितलं. जगदेव खाली मान घालून वल्ह्यावरची सुकलेलं शेवाळ नखानं काढत होता. थोड्या वेळानं म्हणाला, "बरं झालं."

लालसिंग तीन दिवस जगदेवकडेच राहिला. नानाजींनी त्याला बोट चालवायला ठेवून घ्यायची तयारी दाखवली, पण तो म्हणाला, "मले माह्यी वावरं हायेत. हा मानूस पान्यातच वाढला, याले शिकवतो." शालिग्रामला ते आधी रुचलं नाही; पण डोहात खडक कुठं आहेत हे जगदेवला डोळे मिटून माहीत होतं, तेव्हा तोही सांगू लागला, मी इंजिन पाहतो, तू चाक धर.

चौथ्या दिवशी सकाळी जगदेवनं स्वतः बटण दाबून लालसिंगला पलीकडे सोडलं. लालसिंग उतरून पाऊलवाटेला लागला. काठावर अलीकडे यायला आठ-दहा माणसं थांबली होती, पण डोहात मधेच बंद पडेल या भीतीनं बोटीत शिरायला कोणी धजेना. तेवढ्यात तुळसाबाई नावाची म्हातारी मिरच्यांचं गाठोडं घेऊन पुढं झाली.

"जगदेव, तूच चालवतं ना?"

"हाव, मीच."

"मंग सरक तिकडं," म्हणत तिनं गाठोडं आत ठेवलं आणि बसली. मग एकेक करून बाकीचे चढले.