रेंगाळणारा सूर

मित्रांनो, मी एक जुना, चिकट झालेला कीबोर्ड आहे, आणि मला माझ्याच आवाजाची किळस येते.

माझ्या अंगावर एक बटण आहे. कळीवरचं बोट उचलल्यावर सूर किती वेळ रेंगाळावा, हे त्यावर ठरतं. त्याचा आकडा शून्यावर असला तर बोट उचलताच सूर थांबतो, वाढवत नेला तर लांबतच जातो. माझ्या पहिल्या मालकीण, वसमतच्या प्रियदर्शनीबाई, मुलांना गाणी शिकवायच्या आणि प्रत्येक गाण्याआधी तो आकडा बदलायच्या. प्रार्थनेला थोडा जास्त, बडबडगीताला अगदी कमी. मग मऊ फडक्यानं मला पुसून ठेवायच्या. तेव्हा लोक माझं कौतुक करत आणि मलाही ते पटत असे.

बाईंची बदली झाली आणि मी सेनगावच्या विश्वंभरकडे आलो. हा लग्नात वाजवणारा गडी. तोंडात सदा गुटखा, आणि त्याच बोटांनी माझ्या कळा दाबायचा. शी! त्यानं तो आकडा आल्या दिवशी शेवटपर्यंत नेला, तो पुन्हा कधी खाली आणला नाही. "आवाजाला वजन येतं," म्हणायचा. कसलं वजन? एक सूर संपत नाही तोच त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, नुसता लगदा. त्यात याच्या चुका लपायच्या, हे खरं कारण.

गेल्या वैशाखात एका बंजारा तांड्यावर दिपाचं लग्न होतं. तिथं सासरी निघताना नवरी आईच्या गळ्यात पडून ढावलो गाते. मनातलं सगळं त्यात रडत रडत सांगते. दिपाची आई मिराबाई हिला एका कानानं ऐकू येत नव्हतं, म्हणून दिपानं तिच्या चांगल्या कानाशी तोंड नेलं.

विश्वंभरला राहवलं नाही. त्यानं मला भोंग्याला जोडलंच. दिपाचा भाऊ लालसिंग म्हणाला, "तिचा शब्द आला की तुमी थांबा."

विश्वंभरनं मान हलवली. शब्द आला की तो बोटं उचलायचाही, पण आकडा शेवटावर होता. बोटं वर आणि मी आपला चालूच! दिपा गात राहिली, मी तिच्या प्रत्येक शब्दावर सांडत राहिलो. शेवटी तिला जीपमध्ये बसवलं आणि जीप निघून गेली.

मिराबाई डोळे पुसत आमच्याजवळ आली.

"लेक काय सांगून राहिली होती, एक शब्द कळला न्हाई. ह्या मिशिनीला गप करता येत न्हाई का?"

"येतं की, मावशी. आकडा शून्यावर आणला की बोटासंगं आवाज बंद."

"मग काहून न्हाई आणला?"

विश्वंभरनं बाजूला जाऊन पिंक टाकली. मला त्याची शिसारी आली आणि माझी स्वतःची त्याहून जास्त.

मित्रांनो, आम्हा वाद्यांना खरकटे हात लावू नका, आम्हाला पुसत जा. पण वाजवायला बसाल तेव्हा सगळ्यात आधी आम्हाला गप्प करणारं बटण शोधा. मिराबाई अजून जो भेटेल त्याला विचारते, दिपा काय म्हणाली होती. कुणालाच सांगता येत नाही, आणि ढावलो नवरी दुसऱ्यांदा गात नाही.