आठ पावलं आत

मनकर्णाबाईंना सोलरच्या पाट्या धुण्याचं काम लागून चार महिने झाले होते. मोहगावच्या अलीकडे, गावाच्या पडीक जमिनीवर गावकऱ्यांच्या सोसायटीनं त्या बसवल्या होत्या. त्यांच्या विजेवर गावाच्या नळाचा पंप आणि पिठाची चक्की चालायची. धूळ साचली की वीज कमी पडे, म्हणून मनकर्णाबाई आठवड्यातून दोनदा सकाळीच येत.

त्या सोमवारी फाटक उघडण्याआधीच त्यांना धडपड ऐकू आली. पंधरवड्यापूर्वीच सगळ्या जागेला काटेरी तार लागली होती. पूर्वेकडे, सगळ्यांत खालच्या दोन तारांत रोह्याचं, म्हणजे नीलगायीचं, पिल्लू अडकलं होतं. मागच्या पायाला तारेचा पीळ बसला होता. ते जितकं ओढत होतं, तितके काटे आत रुतत होते. वीसेक पावलांवर मादी उभी होती. पळतही नव्हती आणि जवळही येत नव्हती.

मनकर्णाबाईंनी सोसायटीच्या ऑपरेटरला, भूपेंद्रला फोन लावला.

"तार कापाची पक्कड घेऊन ये बावा. लवकर ये."

भूपेंद्र मोटरसायकलवर आला आणि त्यानं आधी वनरक्षकाला विचारलं. वनरक्षक सौंसरला होते, यायला तास लागणार होता. "डोळ्यांवर कापड टाका, तार कापा आणि लगेच लांब व्हा," त्यांनी फोनवरच सांगितलं.

मनकर्णाबाईंनी डोक्याचा दुपट्टा सोडून पिल्लाच्या तोंडावर टाकला आणि त्याचा पाय धरला. पिल्लानं जोरात झटका दिला, तसा त्यांचा तळहात तारेवर फाटला.

"काकू, हात सोडा! रक्त निघून राहिलं."

"माह्या हाताकडं नको पाहू. तू तार काप."

तार तुटली. पिल्लू उठलं, पडलं, पुन्हा उठलं आणि तीन पायांवर आईकडे गेलं. दोघं कुंपणाच्या कडेकडेनं जात शेजारच्या संत्र्याच्या बागेत दिसेनाशी झाली. त्या पिल्लाचं पुढं काय झालं, कोणालाच कळलं नाही.

बाग भिवाजींची होती, आणि सोसायटीचे अध्यक्षही तेच होते. दवाखान्यात हाताला टाके घालून घेऊन मनकर्णाबाई परत येतात तोच ते तणतणत समोर आले.

"कोणं कापली तार? पंधरा दिवसांत रोह्याईनं माह्या चाळीस कलमा खाल्ल्या, अन् तुम्ही कुंपण कापून राहिले?"

"पंधरा दिवसांत?" मनकर्णाबाईंनी विचारलं. "भाऊ, अन् त्याच्या पहिले?"

भिवाजींनी मनात हिशेब केला. त्याआधी एखादं-दुसरं कलम जायचं, इतकंच.

"चला, दाखवते. वीस वर्षं शेळ्या चारल्या म्या या जाग्यावर."

झुडपांतून निघालेली, खुरांनी घट्ट झालेली जुनी वाट सरळ कुंपणाशी येऊन थांबत होती. तारेपलीकडे, पाट्यांच्या बाजूनं ती तशीच पुढं नाल्यापर्यंत गेली होती. अलीकडे मात्र ताजे खूर वळून तारेच्या कडेनं भिवाजींच्या बागेत शिरले होते.

"पाण्याले तं जाणारच ते," मनकर्णाबाई म्हणाल्या. "त्याईचा रास्ता आपून बंद केला. आता तुमच्या बागेतून जाऊन राहिले."

भिवाजींनी खाली वाकून ते खूर पाहिले. मग तिथल्या दगडावर बसले. "अन् म्याच म्हटलं होतं, तार काट्याची लावा," ते हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या मिटिंगमध्ये वाद झाला. जनावरांच्या वाटेसाठी कुंपण आत घेतलं तर पाट्यांची एक नवी रांग बसवता येणार नव्हती. "रोह्यासाठी वीज सोडाची का?" मंगेशनं विचारलं. त्याची चक्की त्याच विजेवर होती, त्यामुळे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

"मले रोह्याचा पुळका नाही," भिवाजी म्हणाले. "पण काल या बाईचा हात फाटला. उद्या एखाद्या लेकराचा फाटन. आठ पावलं आत घ्या. ती रांग माह्या विहिरीजवळच्या पडीत बसवा."



महिनाभरात कुंपण सरकलं. काटे जाऊन साधी जाळी आली. ससे-मुंगसं खालून निघून जावीत म्हणून ती जमिनीपासून वीतभर वर ठेवली. जनावरांना लांबून दिसावं म्हणून वरच्या तारेला पांढऱ्या पट्ट्या बांधल्या. रोही काही दिवस बिचकले, मग त्या मोकळ्या पट्ट्यातून नाल्याकडे जाऊ लागले. बागेत येणं अगदी बंद झालं नाही. दिवाळीपर्यंत तीन कलमं गेलीच.

पुढं बोरगावची मंडळी आपल्या गावच्या सोलरसाठी हे कुंपण पाहायला आली. त्यांनी भिवाजींना विचारलं, तारेची उंची किती, मोकळी जागा किती.

"मले नका विचारू जी," भिवाजी म्हणाले. "ह्या आमच्या मनकर्णाबाई. याईले विचारा."

मनकर्णाबाई आधी लाजल्या. मग हात पुसून पाहुण्यांपुढं झाल्या आणि म्हणाल्या, "पहिले तुमच्या जाग्यावर जनावर कुठून जाते, ते पायी फिरून पाहा. तार मागून लावा."